फुलांच्या घाटीतला अमेला: चराई थांबली म्हणून तण माजलं का?

राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणं हा गुन्हा आहे. तरी उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये) वनविभाग गेली बरीच वर्षं स्वतःच मजूर लावून एक वनस्पती मुळासकट उपटून काढतो आहे. ही वनस्पती परदेशातून आलेली नाही. ती हिमालयातलीच आहे आणि घाटी प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहे. स्थानिक लोक तिला अमेला म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ती बराच काळ पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम या नावानं होती, अलीकडे कोएनिजिया पॉलिस्टॅकिया झाली. कमरेच्या वर वाढते, जमिनीखालच्या खोडांनी पसरते, दाट रान करते. तिच्या सावलीत वीत-दोन वीत उंचीची फुलझाडं दबतात, अशी तिच्याविरुद्धची तक्रार आहे.

तक्रारीच्या मागे आणखी एक गोष्ट सांगितली जाते. १९८२ साली घाटी राष्ट्रीय उद्यान झाली, १९८३ पासून तिथली चराई बंद झाली, मेंढ्या-बकऱ्या गेल्या आणि अमेला माजला. म्हणजे संरक्षणानंच घात केला. गोष्ट सुटसुटीत आहे, ऐकायला पटतेही. प्रश्न एवढाच की ती खरी आहे का, आणि किती.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा एक छोटा गट आहे. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक (आमचे सर), एक वैद्यबाई, बँकेतून निवृत्त झालेले आणि आयुष्यभर पक्षी पाहत आलेले दादा, आणि कॉलेजातली काही मुलं-मुली. यांतली मंडळी ऑगस्टमध्ये घाटीत जाऊन आली. पायवाटेच्या कडेला उपटून टाकलेल्या अमेल्याचे ढीग दिसल्यावर बीएस्सीच्या एका मुलीनं विचारलं, “सर, हे तर इथलंच झाड ना? मग उपटतात कशाला?” सर काही बोलायच्या आत दादांनी उत्तर देऊन टाकलं, “अगं, गुरं बंद केली की हेच होतं. भरतपूरला नाही का झालं!”

भरतपूर आम्हा ग्वाल्हेरकरांना घरचं. धौलपूर-आग्र्याच्या वाटेनं पहाटे निघालं की सकाळचे पक्षी पाहायला मिळतात. तिथल्या म्हशींची हकिगत (ती पुढे येतेच) इथल्या प्रत्येक पक्षीवेड्याला पाठ आहे. दादांचं उत्तर इतकं चटकन आलं ते त्यामुळेच. पुढचे काही रविवार आम्ही हे उत्तर तपासण्यात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

घाटीचं वर्ष

आधी जागा समजून घ्यायला हवी. चमोली जिल्ह्यात अलकनंदेच्या काठी गोविंदघाट आहे. तिथून पुलन्यापर्यंत गाडी जाते, पुढे घांघरियापर्यंत पायी किंवा खेचरावरून. घांघरिया साधारण ३,०५० मीटरवर. तिथून एक वाट हेमकुंड साहिब या शीख तीर्थस्थानाला चढते, दुसरी पुष्पावती नदीच्या काठानं घाटीत शिरते. पुष्पावती टिपरा हिमनदातून येते. उद्यानाचं क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर, पण त्यात खडक, बर्फ आणि कडे पुष्कळ. फुलांचं म्हणून जे कुरण आपण फोटोत पाहतो, ते या क्षेत्राचा लहानसा भाग आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून या एवढ्याशा जागेत सुमारे ५२० उच्च वनस्पतींची नोंद झाली. त्यांतल्या ४९८ सपुष्प आहेत.

इतक्या जाती एकत्र नांदतात याचं एक मोठं कारण म्हणजे त्या एकाच वेळी फुलत नाहीत, आणि एकाच जागी तर मुळीच नाहीत. मे संपेपर्यंत बर्फ. बर्फ मागे सरकतं तसतशा त्याच्या काठाकाठानं प्रिम्युला आणि ॲनिमोन उगवतात, बोटभर उंचीच्या, घाईत असलेल्या. जुलैत पोटेन्टिला आणि जिरॅनियम. मग तेरड्याचा गुलाबी पूर येतो. गौरीच्या दिवसांत आपण जो तेरडा घरी आणतो त्याचाच हा भाऊबंद, फक्त माणसाच्या उंचीचा. ऑगस्ट-सप्टेंबरात बचनागाच्या कुळातली निळी फुलं, ॲस्टर, आणि वरच्या खडकाळ उतारांवर ब्रह्मकमळ. ऑक्टोबरात सगळं तांबूस होतं आणि पुन्हा बर्फ. म्हणजे वाढीला मिळतात जेमतेम चार महिने. अशा ठिकाणी बहुतेक झाडं आपली पुंजी जमिनीखाली ठेवतात, कंदात, गड्ड्यात, जाड मुळांत. वरचा भाग मेला तरी चालतो, खालचा शाबूत हवा.

जागांची वाटणीही तितकीच काटेकोर आहे. नदीकाठच्या रेती-गोट्यांवर एक मंडळी, भूर्जाच्या आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या सावलीत दुसरी, सपाट ओलसर कुरणात तिसरी, हिमस्खलनाच्या घळीत चौथी. अमेल्याची मूळ जागा यांतलीच एक आहे. दरड कोसळून मोकळी झालेली माती, ओढ्यांचे खचते काठ, बर्फाच्या लोंढ्यानं खरवडलेले उतार. माती उघडी पडली की तिथं लवकर पोचून ती धरून ठेवणाऱ्यांपैकी तो आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचा सगळा वाद वेगळा दिसतो.

जे सगळे विसरतात

१९३१ साली कामेट शिखर सर करून परतणाऱ्या ब्रिटिश गिर्यारोहकांच्या तुकडीतले फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ भ्यूंडार खिंडीतून या घाटीत उतरले. स्माइथ १९३७ साली मुद्दाम परत आला, त्यानं फुलं-बिया गोळा केल्या आणि घाटीचं नाव जगभर झालं. १९३९ साली जोन मार्गारेट लेग ही वनस्पती गोळा करायला आलेली बाई उतारावरून घसरून मृत्यू पावली. तिची समाधी घाटीत आहे, तिथवर बहुतेक पर्यटक जातात.

या कहाणीत मेंढ्या कुठेच नसतात. पण स्माइथनं पाहून थक्क व्हावं अशी जी घाटी होती, ती चराईची घाटी होती. भ्यूंडार गावचे लोक हिवाळा खाली पुलन्याला काढत आणि उन्हाळ्यात कळप घेऊन वर येत. चराईच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तो टाळता येत नाही. फुलं आणि मेंढ्या शतकानुशतकं एकत्र होत्या. मेंढ्यांनी फुलं संपवली असती तर १९३१ साली पाहायला काय उरलं असतं?

त्यावर वैद्यबाईंनी एक चांगली शंका काढली. “तेव्हा कळप केवढे होते आणि १९८० मध्ये केवढे होते?” १९६२ नंतर तिबेटशी व्यापार बंद झाला. चमोलीच्या सीमेवरच्या गावांचं त्या व्यापारावर चालणारं अर्थकारण कोलमडलं. कळपांची संख्या, त्यांच्या वाटा, मुक्कामाच्या जागा यांवर त्याचे परिणाम झाले असणारच. तेव्हा १९३१ ची चराई आणि १९८० ची चराई एकच धरून हिशेब मांडता येत नाही.

दोन बाजू

चराईबंदीनंतर दहाएक वर्षांतच वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं असं. मेंढ्या-बकऱ्या कोवळे कोंब खात, खुरांखाली तुडवत, त्यामुळे उंच वाढणाऱ्या दांडग्या झाडांवर वचक होता. तो गेला आणि अमेला, ऑस्मुंडा नेचा अशांचं फावलं. सावलीत लहान फुलझाडं मागे पडली. तेव्हा मर्यादित चराई परत सुरू करावी.

दुसऱ्या बाजूची मांडणी वन्यजीव संस्थेतून झाली, विशेषतः चंद्रप्रकाश काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. त्यांनी घाटीत ठिकठिकाणी नमुना-चौकोन टाकून झाडं मोजली. जिथं चराई चालू होती अशा शेजारच्या भागाशी तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा की चराई थांबल्यानं घाटीतल्या जातींची विविधता घटलेली नाही. अमेला सगळीकडे सारखा पसरलेला नसून विशिष्ट जागी दाटला आहे: दरडींचे उतार, ओढ्यांचे काठ, आणि जुने पडाव. पडाव म्हणजे जिथं कळप वर्षानुवर्षं रात्री बसत आणि लेंडीखताचा थर साचे ती जागा.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जमीन तुडवून उघडी केली, वर नत्राचं भरपूर खत दिलं आणि मग एक दिवस जनावरं अचानक उठवली. अशा जागी काय उगवेल? हिमालयातल्या जुन्या पडावांवर रानचुक्याचं, म्हणजे रूमेक्स नेपालेन्सिसचं, दाट रान दिसतं. आपण वरणात घालतो त्या चुक्याच्याच गोतातला. अमेलाही त्याच कुळातला, उपासाला चालणारं कुट्टूही त्याच कुळातलं. या घराण्यातल्या बऱ्याच जणांना माणसाच्या आणि जनावरांच्या वावरानं उकरलेली, खतावलेली माती मानवते. अर्थात जुन्या पडावांवरचा अमेला हा चराईबंदीइतकाच चराईचाही वारसा आहे. बंदीनं त्याला वाढायला मोकळीक दिली, पण त्याचा वाफा आधीच्या कळपांनी तयार करून ठेवला होता.

सरांनी इथं आम्हाला अडवलं. “चराई चांगली की वाईट असं विचारूच नका. कुठं, किती आणि केव्हा ते विचारा.” फिरता कळप कुरण चरत पुढं गेला तर एक परिणाम, तोच कळप आठ दिवस एका जागी बसला तर दुसरा. जूनमध्ये बर्फाकाठची कोवळी फुटवण खाल्ली गेली तर बी धरण्याआधीच झाड संपतं. सप्टेंबरात, बिया गळल्यावर, तेवढं नुकसान होत नाही. स्थानिक लोकांत नंदाष्टमीच्या आधी उंचावरची फुलं तोडायची नाहीत असा रिवाज आहे. नंदाष्टमी भाद्रपदात येते. तोवर बहुतेक झाडांचं फुलणं उरकत आलेलं असतं. रिवाज देवीच्या नावानं आहे, पण झाडांच्या वेळापत्रकाशी तो बरोबर जुळतो.

भरतपूरचं उत्तर इथं का लागू पडत नाही

आता दादांच्या मुद्द्याकडे. भरतपूरची पाणथळ, म्हणजे केवलादेव, १९८२ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुराढोरांना बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला दीर्घ अभ्यास डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली चालला होता. सुरुवातीला म्हशी पाणथळीला त्रासदायक आहेत असंच बहुतेकांना वाटत होतं. अभ्यासातून उलटं निघालं. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम डिस्टिकम हे गवत उथळ पाण्यावर पसरलं, पाण्याची मोकळी जागा घटली, पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी द्यावी लागली. संरक्षणाच्या नावाखाली घाईनं केलेल्या बंदीचा धडा म्हणून हे प्रकरण शिकवलं जातं, आणि ते योग्यच आहे.

योगायोग असा की दोन्ही उद्यानं एकाच वर्षी जाहीर झाली, दोन्हींत कायदा तोच, बंदी जवळपास एकाच वेळी. त्यामुळे एकाचं निदान दुसऱ्याला लावायचा मोह होतो. पण जागा बघा. केवलादेव ही माणसानं घडवलेली पाणथळ आहे. भरतपूरच्या राजांनी बांध घालून, कालव्यानं पाणी आणून ती तयार केली. सपाट, उष्ण, वर्षाचे बरेच महिने वाढ चालू. तिथं पसरलं ते गवत, आणि म्हशीचं ते खाद्यच. म्हैस काढली की गवत वाढणार हे सरळ गणित आहे. म्हैस आणली की ते कमी होणार हेही तितकंच सरळ.

घाटीत यातलं काहीच जुळत नाही. उतार तीव्र, वाढीचा काळ चार महिन्यांचा, माती पातळ आणि सतत खचणारी. पसरणारी वनस्पती गवत नाही, जाड भूमिगत खोडांची बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचा पाला खाल्ला गेला तरी खालची पुंजी शाबूत राहते. कळपाला समोर निवड असते. तो आधी कोवळं, रसदार, चविष्ट खाईल. जून झालेल्या अमेल्याच्या रानात शिरून तेच संपवत बसेल असं मानायला आधार हवा. शिवाय खुरांनी उतार सोलवटला की जी उघडी माती मिळते ती पुन्हा अमेल्याच्याच उपयोगाची. भरतपूरला जे औषध होतं ते इथं रोगाला खाद्य घालण्याची शक्यता आहे.

दादांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक आहे, पण भरतपूरलासुद्धा आधी सगळे तज्ज्ञ म्हशींच्या विरोधातच होते.” हा टोला वर्मी बसणारा आहे. तरी त्यातून घाटीबद्दल काही सिद्ध होत नाही. भरतपूरचा खरा धडा ‘गुरं आत सोडा’ असा नाही, ‘आधी मोजा’ असा आहे. तिथं बंदीच्या आधीपासून मोजणी चालू होती, म्हणून नंतरचा फरक दाखवता आला. घाटीत १९८३ पूर्वीचे कायमचे नमुना-चौकोन नाहीत. जुन्या याद्या आहेत, पण यादी एवढंच सांगते की अमुक झाड होतं. किती होतं, कुठं दाट होतं, हे तिच्यातून कळत नाही. अमेला त्या काळातही होता. तो आज वाढला का, हे जुन्या यादीवरून ठरवणार कसं?

फोटोंचा पुरावा तर त्याहून फसवा. घाटीत ठरलेली एकच पायवाट आहे आणि मुक्काम करता येत नाही, त्यामुळे सगळ्यांचे कॅमेरे तिच्याच दोन्ही अंगांना रोखलेले. पायवाटेची कड ही कायमच तुडवलेली, खणलेली, दरड आली की पुन्हा दुरुस्त केलेली जागा. अमेल्याला हवी तशी. त्या कडेवरून पाहून ‘घाटी तणानं भरली’ असं म्हणणं म्हणजे मुख्य रस्त्यावरून शहराची लोकसंख्या काढण्यासारखं आहे.

आणखी एक गंमत. ज्या गुलाबी तेरड्याच्या ताटव्यांसाठी लोक जुलै-ऑगस्टात रांग लावतात तोही उंच वाढणारा, दाट सावली करणारा, ओल्या उकरलेल्या मातीत माजणाराच आहे. त्याच्याविरुद्ध एवढी ओरड कधी ऐकली नाही. अमेल्याची फुलं पांढरट, बारीक, उशिरा येणारी. तो गुलाबी असता आणि जुलैत फुलला असता तर हा लेख लिहायची वेळ आली असती का, याची मला शंका आहे.

उपटण्यानं काय होतं

वनविभाग हातावर हात ठेवून बसू शकत नाही, हे मान्य. घाटी २००५ पासून नंदादेवी राष्ट्रीय उद्यानासह जागतिक वारसा स्थळ आहे, पर्यटक तक्रार करतात, वर्तमानपत्रं छापतात. तेव्हा मजूर लावून अमेला काढणं हे दिसणारं, हिशेब देता येणारं काम आहे. पण त्याचे परिणाम पाहू.

हीच वनस्पती बागेतली शोभा म्हणून युरोपात नेली गेली आणि तिथं डोईजड झाली. युरोपीय संघानं २०२२ साली तिला आक्रमक परक्या जातींच्या यादीत टाकलं. तिथला अनुभव सांगतो की भूमिगत खोडाचा तुकडा मातीत राहिला की त्यातून नवं झाड उभं राहतं. ओढ्याच्या पाण्याबरोबर, मातीच्या भरावाबरोबर तुकडे दूरवर जातात. पुष्पावतीच्या कडेला उपटलेला ढीग टाकला आणि वरून पाऊस आला, तर आपण तण काढतो आहोत की त्याची लागण करतो आहोत? काढलेला माल खडकावर, पाण्यापासून लांब वाळवायला हवा, तोही बी धरण्याआधी. ऑगस्टच्या धारेत हे म्हणायला सोपं आहे.

दुसरी अडचण मातीची. मुळासकट उपटणं म्हणजे उतारावर माती उकरणं. अमेल्याला जे हवं तेच. शिवाय दरडीच्या जागी तो नुसता बसलेला नाही, त्यानं ती माती धरलेली आहे. तिथून तो काढणं मला सरळ चुकीचं वाटतं. तिथं तो तण नाही, त्या जागेचा हक्काचा रहिवासी आहे, आणि काही दशकांनी माती स्थिरावली की दुसऱ्यांना जागा देईल. सपाट कुरणात, जुन्या पडावांवर मात्र गोष्ट वेगळी. तिथं उपटण्याऐवजी हंगामातून दोनदा विळ्यानं कापत राहिलं, तर भूमिगत पुंजी हळूहळू संपेल आणि माती उघडी पडणार नाही. वेळ लागेल, फोटोत दिसणार नाही. सरांना आणि मला हा मार्ग पटतो. वैद्यबाईंना तोही घाईचा वाटतो. आधी शेजारी काय उगवतं आहे ते पाहा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या म्हणण्यामागे त्यांचा धंदा आहे, आणि तो या प्रकरणाला उपयोगी पडला. लष्करच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानांतून कुटकी, अतिविष, जटामांसी त्या घेतात. हे सगळं हिमालयाच्या याच उंचीवरून येतं, आणि यातलं पुष्कळसं मुळासकट किंवा गड्ड्यासकट खणूनच मिळतं. सालमपंजाचा हाताच्या पंजासारखा कंद एकदा काढला की झाड संपलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही एका दांडग्या झाडावर भांडताय. मला सांगा, त्याच्या सावलीत सालमपंजा कमी झाला का? झाला असेल तर काढा. नसेल तर तुमचं भांडण फुलांच्या देखाव्यासाठी आहे.” प्रकरणाची कसोटी इतक्या थोडक्यात आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला मांडता आली नव्हती. किती टक्के जमीन अमेल्यानं व्यापली हा आकडा दुय्यम आहे. संथ वाढणारी, आधीच दुर्मीळ असलेली झाडं त्याच्या खाली आणि त्याच्या बाहेर किती आहेत, ते मोजायला हवं.

कायदा आणि गाव

‘थोड्या मेंढ्या परत आणू’ असं म्हणणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांची चराई चालत नाही. अभयारण्यात ती नियंत्रित स्वरूपात होऊ शकते, उद्यानात नाही. २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचेही चराईचे हक्क मानतो आणि त्याच्या वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानंही येतात. दोन कायद्यांतली ही ओढाताण घाटीपुरती सुटणारी नाही. त्यामुळे प्रयोग करायचाच तर तो उद्यानाबाहेरच्या बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, करावा लागेल.

गावाकडे पाहिलं की बंदीचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. भ्यूंडार-पुलन्याच्या लोकांची कुरणं गेली, पण हेमकुंडच्या यात्रेमुळे त्यांना दुसरं उत्पन्न मिळालं: खेचरं, दुकानं, राहण्याची सोय. हेमकुंडला लाखांनी यात्रेकरू जातात. गावाच्या इको विकास समितीनं यात्रेच्या वाटेवरची सफाई आणि कचरा खाली आणण्याचं काम अंगावर घेतलं. नंदादेवीच्या बाजूला, लाता गावात, असा पर्याय नव्हता. तिथं १९९८ साली लोक ‘झपटो छीनो’ म्हणत बंद केलेल्या क्षेत्रात शिरले. भ्यूंडारला संघर्ष तितका पेटला नाही याचं श्रेय बंदीच्या शहाणपणाला देता येणार नाही. यात्रा होती म्हणून निभावलं. तीही भरवशाची नाही, हे जून २०१३ च्या पुरानं दाखवलं. गोविंदघाट, पुलना, भ्यूंडार, सगळ्यांचं अतोनात नुकसान झालं.

या व्यवहारात जे गेलं त्याची किंमत कुणी धरली नाही. कोणत्या उतारावर कळप केव्हा न्यायचा, कुठल्या पडावावर किती रात्री थांबायचं, कोणतं झाड जनावर खातं आणि कोणतं सोडतं, हे जाणणारी पिढी १९८३ साली हयात होती. तेव्हा कुणी त्यांच्याबरोबर बसून हे लिहून घेतलं असतं, तर आज ‘मेंढी अमेला खाते का’ या साध्या प्रश्नावर विद्वानांना भांडावं लागलं नसतं. आता त्याच घरांतली मुलं मजुरीवर अमेला उपटायला जात असतील, तर त्यांच्या आजोबांना कुणी काही विचारलं होतं का, हे आधी विचारावं.

आम्ही कुठं पोचलो

गटाचं एकमत झालेलं नाही. माझं मत असं. मुख्य घाटीतली चराईबंदी राहावी. दरडी आणि ओढ्यांच्या काठांवरचा अमेला राहू द्यावा. जुन्या पडावांवर आणि सपाट कुरणात तो कापावा, उपटू नये, आणि तेही सगळीकडे एकदम नाही. तीन प्रकारच्या जागा निवडाव्यात: दरड, पडाव, कुरण. प्रत्येकीत काही चौकोन कापायचे, काही उपटायचे, काही तसेच सोडायचे. खुणा पक्क्या करून दर वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागा मोजायच्या. मोजणी करायला भ्यूंडारची मुलं शिकवून तयार करावीत. वनविभागाच्या मजुरीच्या खर्चातच हे बसेल. पाच वर्षांनी बोलायला काहीतरी असेल. बर्फ लवकर वितळू लागलं आणि वाढीचे दिवस वाढले, तर उंच झाडांना त्याचाही फायदा होईल. तो परिणाम वेगळा काढायला हात न लावलेले चौकोन लागतीलच.

दादा अजून मेंढ्यांच्या बाजूनं आहेत. त्यांची अट रास्त आहे: उद्यानाबाहेरच्या एखाद्या बुग्यालात कळप फिरता ठेवून, पडाव न टाकता, हाच प्रयोग करा. तिथं कळपानं अमेला कमी केला, सालमपंजा आणि कुटकी टिकून राहिली आणि उताराची माती हलली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर मी त्यांच्या बाजूला जाईन. पहिली एकटीच दिसली तर नाही.